घर, घराणे आणि तालीम : शिकागोच्या एका ब्लूज-रॉक बँडच्या निमित्ताने

कलावंताची चर्चा सुरू झाली की त्याची पार्श्वभूमी विचारण्याची आपल्याकडे रीत आहे. गाव कोणते, वडील काय करतात, शिक्षण कोणत्या माध्यमातून झाले, घरात पूर्वी कोणी गाणारे-लिहिणारे होते का, हे प्रश्न ओघानेच येतात. समीक्षेत या चौकशीला जागा नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु पुष्कळदा चौकशी संपते तिथेच समीक्षाही संपते. कलाकृती बाजूला राहते आणि कलावंताचा दाखला तेवढा तपासला जातो. अमक्या घरात जन्मला, तेव्हा त्याला हे येणारच. किंवा अमक्या घरात जन्मला, तेव्हा त्याला हे कुठून येणार. अशी दोन्ही प्रकारची उत्तरे आधीच तयार असतात. ही उत्तरे कितपत टिकतात हे तपासण्यासाठी आम्ही या लेखात एक दूरचे उदाहरण घेतले आहे. ते दूरचे असल्यामुळे आपल्या-परक्याचा हिशेब मध्ये न आणता त्याकडे पाहता येईल.

उदाहरण आहे अमेरिकेतील शिकागो शहराच्या 'पॉल बटरफिल्ड ब्लूज बँड'चे. १९६३ पासून शहराच्या उत्तर भागातील 'बिग जॉन्स' नावाच्या बारमध्ये वाजवणारा हा स्थानिक संच. १९६५ आणि १९६६ मध्ये त्याच्या दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या. ब्लूज आणि रॉक या दोन प्रवाहांच्या मिलाफाबद्दल बोलायचे तर या दोन ध्वनिमुद्रिका टाळून पुढे जाता येत नाही. त्यांवर वाजवणारे सात वादक इतक्या वेगवेगळ्या घरांतून आले होते की घर आणि कला यांचे नाते तपासायला याहून चांगला नमुना आम्हाला तरी सापडला नाही.

ब्लूज : थोडी पूर्वपीठिका

ब्लूज ही अमेरिकेच्या दक्षिणेतील कापसाच्या शेतांवर, गुलामगिरीतून बाहेर पडलेल्या पण दारिद्र्यातून न सुटलेल्या काळ्या माणसांमध्ये आकाराला आलेली गायकी. तिचा रूढ बंध तीन ओळींचा असतो. पहिली ओळ म्हटली जाते, तीच पुन्हा म्हटली जाते आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर येते. मुशायऱ्यात शायर पहिला मिसरा दोनदा म्हणतो, श्रोत्यांची उत्सुकता ताणतो आणि मग दुसऱ्या मिसऱ्यात शेर पुरा करतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना ब्लूजची ही मांडणी अनोळखी वाटणार नाही. सूर ताणणे, वळवणे, तो नेमक्या जागी न ठेवता किंचित खाली धरणे, हे तिचे मर्म. कागदावरच्या स्वरलेखनात ते उतरत नाही. ते कानानेच घ्यावे लागते.

विसाव्या शतकात १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख काळी माणसे दक्षिण सोडून उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या शहरांत गेली. मिसिसिपीतून रेल्वेने येणाऱ्यांचे एक मोठे मुक्कामाचे ठिकाण शिकागो होते. १९४३ मध्ये मडी वॉटर्स असाच आला. गावाकडची गिटार शहराच्या गोंगाटात ऐकू जाईना म्हणून ती विजेवर चालू लागली. लिटल वॉल्टरने माउथ ऑर्गन मायक्रोफोनला भिडवून वाजवला. हाउलिन वुल्फचा संच शिकागोच्या पश्चिम भागात गाजू लागला. शिकागोचा ब्लूज म्हणतात तो हा. कामगारांच्या वस्तीतला, शनिवारी रात्री पगार खिशात असताना ऐकायचा.

या गायकीची मुळे शोधणाऱ्या अभ्यासकांचा एक मुद्दा आपल्या वाचकांना जवळचा वाटेल. गुलाम म्हणून नेलेल्या पश्चिम आफ्रिकी माणसांत मुसलमानही होते. सिल्व्हियन दियूफ आणि गेरहार्ड कुबिक यांच्यासारख्या संशोधकांनी असे मांडले आहे की सहारालगतच्या मुस्लिम प्रदेशातील लांबवलेल्या, लहरत्या आवाजाचा ठसा ब्लूजवर दिसतो. दियूफ यांनी तर शेतावरच्या एका जुन्या हाकेची तुलना अजानशी केली आहे. यावरून ब्लूज मुळात आमचाच, असा दावा कोणी करू नये. तो केला तर ज्या दाखलेबाजीबद्दल आम्ही तक्रार करतो आहोत तिच्यातच आपण शिरू. एवढेच घ्यावे की ज्याला 'अस्सल' म्हणून कुंपण घातले जाते तेही आधी अनेक घरांतून फिरून आलेले असते.

सात घरे

आता वादकांकडे वळू. पॉल बटरफिल्डचा जन्म १९४२ चा, शिकागोच्या हाइड पार्क भागातला. वडील वकील, आई चित्रकार. शाळा विद्यापीठाची, नामांकित. लहानपणी तो पाश्चात्त्य अभिजात पद्धतीची बासरी शिकला आणि त्याचे शिक्षक वॉल्फ्रिड कुयाला हे शिकागोच्या प्रसिद्ध सिंफनी वाद्यवृंदातील वादक होते. हाइड पार्कची गंमत अशी की विद्यापीठाचा हा सुखवस्तू भाग काळ्या वस्तीला लागून आहे. मिसरूड फुटलेला हा मुलगा त्या वस्तीतल्या क्लबांत जाऊ लागला, मडी वॉटर्ससमोर उभा राहून ऐकू लागला आणि बासरी सोडून माउथ ऑर्गनला लागला.

एल्विन बिशप आयोवा राज्यातील शेतकरी कुटुंबात वाढला, नंतर ओक्लाहोमातील टल्सा शहरात. रात्री दूरच्या रेडिओ केंद्रावरून खरखरत येणारा ब्लूज हीच त्याची पहिली ओळख. १९६० मध्ये राष्ट्रीय गुणवत्ता शिष्यवृत्ती मिळवून तो भौतिकशास्त्र शिकायला शिकागो विद्यापीठात आला. शहराची निवड मात्र ब्लूजसाठीच केली होती. लवकरच पुस्तके बाजूला पडली. लिटल स्मोकी स्मदर्स या काळ्या गिटारवादकाने त्याला हाताशी धरले. ही शागिर्दी इतकी टिकली की २००० मध्ये, म्हणजे सुमारे चार दशकांनी, दोघांची एकत्र ध्वनिमुद्रिका निघाली.

माइक ब्लूमफिल्ड श्रीमंत ज्यू कुटुंबातला. वडिलांचा उपाहारगृहांना लागणाऱ्या वस्तू बनवण्याचा मोठा कारखाना होता. मुलगा शाळेतून काढला गेला, पण गिटारवर त्याचा हात असा बसला की तोड नाही. तो नुसता ऐकून थांबला नाही. 'फिकल पिकल' नावाच्या कॉफीगृहात विस्मृतीत गेलेल्या जुन्या ब्लूज गायकांना बोलावून त्यांचे कार्यक्रम करू लागला. बिग जो विल्यम्स या वृद्ध गायकाच्या मागे तो फिरला आणि त्या दोस्तीवर पुढे पुस्तकही लिहिले. मार्क नॅफ्टलिन हा ऑर्गनवादक मिनियापोलिस शहराच्या महापौरांचा मुलगा. न्यूयॉर्कच्या मॅनेस संगीत महाविद्यालयात त्याने रीतसर शिक्षण घेतले होते.

हे चार गोरे. उरलेले तिघे काळे. ड्रमवादक सॅम ले याचा जन्म १९३५ चा, अलाबामातील बर्मिंगहॅमचा. त्याचा दुहेरी ठेका प्रसिद्ध आहे आणि त्याचे मूळ लहानपणी चर्चमध्ये ऐकलेल्या टाळ्यांच्या लयीत आहे. बास गिटारवादक जेरोम आर्नोल्ड हा माउथ ऑर्गनवादक बिली बॉय आर्नोल्डचा भाऊ. ले आणि आर्नोल्ड हे दोघेही हाउलिन वुल्फच्या संचात वाजवत होते. बटरफिल्डने जास्त पैसे देऊ केले म्हणून ते इकडे आले. १९६५ च्या अखेरीस ले आजारी पडल्यावर त्याच्या जागी बिली डेव्हनपोर्ट आला. त्याची बैठक ब्लूजपेक्षा जॅझची.

अ‍ॅलन लोमॅक्सचा आक्षेप

जुलै १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हा बँड वाजवायला गेला. तिथे त्यांची ओळख करून देण्याचे काम अ‍ॅलन लोमॅक्स या नामवंत लोकसंगीत-संग्राहकाकडे होते. लोमॅक्सचा अधिकार मोठा. १९४१ मध्ये मिसिसिपीतील स्टोव्हॉलच्या मळ्यावर जाऊन मडी वॉटर्सचा आवाज पहिल्यांदा ध्वनिमुद्रित करणाऱ्यांपैकी तो एक. त्याने बँडची ओळख इतक्या नाखुशीने आणि खवचटपणे करून दिली की व्यवस्थापक अल्बर्ट ग्रॉसमन खवळला आणि दोघांची सर्वांदेखत झटापट झाली. त्याच महोत्सवात २५ जुलै रोजी बॉब डिलन पहिल्यांदा विजेची गिटार घेऊन लोकांसमोर आला तेव्हा त्याच्या साथीला ब्लूमफिल्ड, ले आणि आर्नोल्ड होते. त्या रात्रीच्या गदारोळात आधीची झटापट मागे पडली. आम्हाला मात्र समीक्षेच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची वाटते.

लोमॅक्सची चिंता खोटी नव्हती. ज्यांनी ही कला घडवली ते दारिद्र्यात राहतील आणि सुखवस्तू घरांतली पोरे तीच कला विकून नाव कमावतील, ही भीती अमेरिकेच्या इतिहासात अनेकदा खरी ठरली आहे. परंतु त्याच्या भूमिकेत एक मोठा दोष आहे. 'गोऱ्या पोरांचा ब्लूज' असे म्हटले की मंचावर उभे असलेले ले आणि आर्नोल्ड दिसेनासे होतात. ज्यांच्या हक्कासाठी समीक्षक लढतो तेच त्याच्या वाक्यातून गळून पडतात. पार्श्वभूमीचा वापर ढोबळ शिक्क्यासारखा केला की असे होते. बँडची बाजू घेणारेही याच चुकीत सापडतात. बटरफिल्ड आणि ब्लूमफिल्ड यांच्यावर पानेच्या पाने लिहिली गेली आहेत. ज्या ठेक्यावर ते दोघे उभे होते त्या ठेक्याच्या मालकांना एखाददुसरी ओळ मिळते.

घर कुठे ऐकू येते

आता प्रत्यक्ष संगीताकडे वळू. ऑक्टोबर १९६५ मध्ये निघालेल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर लिटल वॉल्टर, एल्मोर जेम्स, विली डिक्सन यांच्या परंपरेतील गाणी आहेत. मडी वॉटर्सने गाजवलेले 'आय गॉट माय मोजो वर्किंग' हे गाणे त्यात आहे आणि ते बटरफिल्डने नव्हे, तर ड्रमवर बसलेल्या सॅम लेने म्हटले आहे. ऐकताना प्रथम जाणवतो तो लेचा ठेका. तो पुढे ढकलतो, पण घाई करत नाही. चर्चमधली ती टाळी इथे बारमध्ये आली आहे आणि संपूर्ण इमारत तिच्यावर उभी आहे. लेचे घर इथे थेट ऐकू येते.

बटरफिल्डचे घरही ऐकू येते, पण वेगळ्या रीतीने. माउथ ऑर्गनवर अनेक सूर एकदम फुंकणे सोपे असते. तो शक्यतो एकेक सूर सुटा काढतो, पूर्ण श्वासाने भरतो आणि नेमका कापतो. श्वासाची ही शिस्त बासरीच्या शिकवणीतून आली असावी असे आमचे मत आहे. मात्र त्या सुरांचे वळण बासरीचे नाही, ते लिटल वॉल्टरचे आहे. म्हणजे घराने त्याला श्वास दिला आणि भाषा त्याने वस्तीत जाऊन मिळवली. नॅफ्टलिनचे महाविद्यालयीन शिक्षण तर जवळजवळ ऐकूच येत नाही. तो इतका मागे राहून ऑर्गन धरतो की रीतसर शिकलेल्या माणसाने आपले शिक्षण किती झाकावे याचा तो धडाच वाटतो.

ऑगस्ट १९६६ च्या 'ईस्ट-वेस्ट' या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेवर ले नाही, डेव्हनपोर्ट आहे. फरक लगेच कळतो. नॅट अ‍ॅडर्लीची 'वर्क साँग' ही जॅझ रचना या बँडला पेलता आली ती डेव्हनपोर्टच्या हलक्या, मोकळ्या हातामुळे. एक वादक बदलला आणि बँडला नवे क्षेत्र खुले झाले. वादकाची पार्श्वभूमी महत्त्वाची असते ती या अर्थाने. ती त्याच्या हातात असते, आडनावात शोधून सापडत नाही.

'ईस्ट-वेस्ट' आणि राग

या ध्वनिमुद्रिकेचे शीर्षक ज्या रचनेवरून आले ती सुमारे तेरा मिनिटांची, शब्दांविना आहे. मंचावर ती याहून कितीतरी लांबत असे आणि सुरुवातीला 'द रागा' या नावाने ओळखली जाई. तिच्या मागे हिंदुस्थानी संगीताचा प्रभाव आहे हे बँडनेच सांगितले आहे. त्या काळी हे संगीत अमेरिकेत पोहोचू लागले होते. १९५५ मध्ये उस्ताद अली अकबर खाँ न्यूयॉर्कला गेले, तिथे त्यांची रागसंगीताची लाँग-प्ले ध्वनिमुद्रिका निघाली. पाठोपाठ पंडित रविशंकर यांचे दौरे सुरू झाले. दोघेही मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे शागीर्द.

रचनेत ब्लूजच्या ठरलेल्या स्वरसमूहांची अदलाबदल थांबवलेली आहे. बास एकाच आधारस्वराला धरून राहतो, आपल्या तंबोऱ्यासारखा. त्यावर गिटार आणि माउथ ऑर्गन आपापल्या पाळीने वेगवेगळ्या स्वरपंक्ती उलगडतात. लय वाढते, शांत होते, पुन्हा चढते. हे सारे १९६६ च्या रॉक श्रोत्याला नवे होते आणि पुढच्या अनेक बँडांनी लांबलचक वादनाचा रस्ता इथूनच धरला. रचनेचे ऐतिहासिक श्रेय निर्विवाद आहे.

पण राग म्हणून तिच्याकडे पाहिले तर काय दिसते? ब्लूमफिल्डने सांगितले आहे की १९६५ मध्ये एका रात्री, नशेच्या अवस्थेत, हिंदुस्थानी संगीताचे मर्म आपल्याला उलगडले. इथे आमचा त्याच्याशी मतभेद आहे. रविशंकरांना मैहरमध्ये सहा-सात वर्षे बसावे लागले. अली अकबर खाँ तर उस्तादांचे पुत्र. पण घरात जन्मले म्हणून त्यांची तालीम चुकली नाही, उलट ती लहानपणापासून अधिक कठोर झाली. रागात स्वर कोणते यापेक्षा ते कोणत्या क्रमाने, किती थांबून आणि कोणत्या वजनाने येतात हे महत्त्वाचे असते. 'ईस्ट-वेस्ट'मध्ये पंक्ती बदलतात, पण एकाही पंक्तीत ते मुक्काम करत नाहीत. आलापाचा धीर तिथे नाही. रचना जिथे ब्लूजकडे झुकते तिथे ब्लूमफिल्डची गिटार बोलते. जिथे ती पूर्वेकडे जाते तिथे तो आवाजाची नक्कल करतो.

हा दोष त्याच्या जन्माचा नाही. शिकागोचा हाच मुलगा ब्लूजमध्ये नक्कल करत नाही, कारण तिथे त्याने वर्षे घातली, उस्तादांच्या मागे फिरला, चुका सुधारून घेतल्या. रागाला त्याने एक रात्र दिली. माणूस तोच, घर तेच, गिटारही तीच; फरक पडला तो तालमीचा. एकाच वादकाच्या हातात, एकाच तेरा मिनिटांच्या रचनेत हा फरक ऐकायला मिळतो, म्हणून आम्ही या रचनेला इतके महत्त्व देतो. 'द रागा' हे नाव पुढे टिकले नाही आणि 'ईस्ट-वेस्ट' आले, हे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटते. राग असल्याचा दावा त्यात उरला नाही, दोन दिशा समोरासमोर ठेवल्या एवढेच त्यात आहे.

सवड कोणाला असते

मग घराला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि तो सांगितल्याशिवाय हा लेख अपुरा राहील. उर्दू माध्यमाच्या वर्गात शिकवताना आम्ही रोज पाहतो की बुद्धी घर पाहून येत नाही. पण सवड मात्र घर पाहूनच येते. ज्याच्या घरी आधार आहे तो मुलगा दोन वर्षे वाया घालवू शकतो, विषय बदलू शकतो, पुन्हा सुरुवात करू शकतो. ज्याला शाळा सुटल्यावर दुकानात बसायचे आहे त्याला एकदाच संधी मिळते. बटरफिल्ड बासरी सोडू शकला, बिशप भौतिकशास्त्र सोडू शकला, ब्लूमफिल्ड शाळेबाहेर पडूनही उपाशी राहिला नसता. ले आणि आर्नोल्ड यांना संगीत हीच रोजी होती. त्यांनी वुल्फला सोडले ते जास्त मजुरीसाठी, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

तीच गोष्ट दरवाजांची. हाइड पार्कचा गोरा मुलगा काळ्या वस्तीतल्या क्लबात गेला तर मडी वॉटर्स त्याला मंचावर बोलावत असे. उलट दिशेचा रस्ता तितका मोकळा नव्हता. ज्या ऑगस्ट १९६६ मध्ये 'ईस्ट-वेस्ट' बाजारात आली त्याच महिन्यात, त्याच शिकागोत, घरांच्या समान हक्कासाठी मोर्चा नेणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांना मार्केट पार्कमध्ये दगड लागला. जे शहर एका मंचावर सहा वादकांना एकत्र वाजवू देत होते ते त्यांना एका गल्लीत राहू देत नव्हते. संगीतातल्या मिलाफाचे गोडवे गाताना हे विसरले तर ते गाणे खोटे ठरते.

याच्या दुसऱ्या बाजूला काही नोंदी आहेत. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात बी. बी. किंग यांना बोलावले गेले त्यात ब्लूमफिल्डच्या आग्रहाचा वाटा होता. तरुण गोऱ्या श्रोत्यांनी उभे राहून स्वागत केले तेव्हा किंग यांना अश्रू आवरले नाहीत. १९४९ पासून ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कलावंताला हे दार उघडायला अठरा वर्षे लागली. १९६९ मध्ये मडी वॉटर्स, ऑटिस स्पॅन, बटरफिल्ड, ब्लूमफिल्ड आणि सॅम ले यांनी एकत्र ध्वनिमुद्रिका केली. तिचे नाव 'फादर्स अँड सन्स', म्हणजे बाप आणि लेक. रक्ताचे नाते नसताना हे नाव दिले गेले आणि त्यात स्वतः मडी वॉटर्स सामील होता, हे आम्हाला लोमॅक्सच्या आक्षेपापेक्षा वजनदार उत्तर वाटते. ज्याची परंपरा होती त्याने शागीर्द मान्य केले.

समारोप

ब्लूमफिल्ड १९८१ मध्ये गेला, बटरफिल्ड १९८७ मध्ये. दोघांचाही अंत अमली पदार्थांनी घडवला. २०१५ मध्ये या बँडला रॉक संगीताच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान मिळाले तेव्हा सॅम ले हयात होता. त्याचे निधन २०२२ मध्ये झाले.

या सात जणांच्या कहाणीवरून समीक्षेने काय घ्यावे? आमच्या मते पार्श्वभूमीचे दोन हिशेब वेगळे ठेवावेत. पहिला सवडीचा. कोणाला वेळ मिळाला, कोणाला दार उघडले, पैसा कोणाकडे गेला. या हिशेबात घर, जात, वर्ण, वस्ती यांची नोंद स्पष्ट व्हायला हवी आणि तिथे भीड बाळगू नये. दुसरा हिशेब कलेचा. कोणाकडून शिकला, किती वर्षे बसला, काय पचवले आणि काय नुसते उचलले. इथे जन्मदाखला चालत नाही, कानाने ऐकूनच निकाल द्यावा लागतो. पहिल्या हिशेबाचे उत्तर दुसऱ्यात लिहिले की अन्याय होतो. मग जवळच्या माणसाची सुमार कृती 'अस्सल' ठरते आणि दूरच्या माणसाची वर्षानुवर्षांची मेहनत 'उसनी' ठरते.

आपण जी भाषा घरात बोलत नाही त्या भाषेत लिहिणाऱ्या, आणि जी बोलतो तिच्यात लिहिण्याची सवड न मिळालेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या माणसांना हा भेद ठाऊक आहे. समीक्षकांनीही तो ध्यानात घ्यावा, एवढीच आमची अपेक्षा आहे. ज्यांना या दोन ध्वनिमुद्रिका मिळतील त्यांनी त्या एकदा ऐकाव्यात. आणि ऐकताना गिटारीबरोबर ड्रम आणि बासकडेही कान द्यावा.